पिवळ्या झाडाबाबत योग्य ती कार्यवाही

भाऊसाहेबांनी लिहिलेला एकही अर्ज आजवर नामंजूर झाला नव्हता, आणि त्यांच्यावर जो प्रसंग ओढवला तो नेमका या गुणामुळेच ओढवला. माणूस दुर्गुणांपायी बुडतो असं म्हणणारे बहुधा भाऊसाहेबांना भेटलेले नसावेत.

भाऊसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. नोंदणी कार्यालयात सव्वीस वर्षं टेबलामागे काढल्यावर ते त्यांना चिकटलं, तिथून गल्लीत आलं आणि गल्लीतून घरात शिरलं. अर्ज ही त्यांची खासियत. कुणाचं नळाचं कनेक्शन अडलं, कुणाच्या मुलीच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकली, की मंडळी कोरा कागद घेऊन त्यांच्या दारात येत. भाऊसाहेब आधी नको नको म्हणत, मग चष्मा पुसत, आणि मग असा अर्ज लिहीत की वाचणाऱ्या साहेबाला आपण आजवर काहीच केलं नाही अशी खंत वाटावी.

यामागे शास्त्र होतं, आणि ते त्यांच्या कार्यालयात पिढ्यानपिढ्या चालत आलेलं होतं. पहिला नियम असा की मागणी एक आणि कारणं सात. एकाच कारणाचा अर्ज कुणीही खोडून काढतो. सात कारणं असली की वाचणारा चौथ्याला थकतो आणि सही करतो. दुसरा नियम याहून नाजूक. आपल्याला नक्की काय हवंय ते अर्जात कधी लिहायचं नाही. वरिष्ठांनी काय करावं हे आपण सांगायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास. कारणं मांडायची आणि शेवटी ‘सबब योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’ असं लिहून मोकळं व्हायचं. समजणारा समजतो. भाऊसाहेबांना पंखा हवा असला की ते उकाड्याचं वर्णन करत, आणि पंखा येई. एकदा पंख्याऐवजी भिंत फोडून खिडकी आली होती. पण ती त्यांनी मोठ्या मनाने गोड मानून घेतली.

तर भाऊसाहेब बढती मिळून मुख्य लिपिक झाले. झाले ते झाले, त्यांनी पितळी पाटी करायला टाकली. पाटीवर नाव आणि हुद्दा यांची अक्षरं सारखी असावीत की हुद्दा किंचित मोठा असावा यावर त्यांनी चार दिवस विचार केला, आणि हुद्दा किंचित मोठा ठेवला. खाली बारीक अक्षरांत कार्यालयाचं नाव. पाटी खिळ्यांवर टांगणं त्यांना हलकं वाटलं, म्हणून गवंडी बोलावून ती फाटकाच्या खांबात सिमेंटने पक्की बसवून घेतली. छिन्नीच्या घावांनी शेजारच्या कुंपणभिंतीला हातभर तडा गेला. गवंडी म्हणाला, तडा आधीचाच आहे. भाऊसाहेबांनी वाद घातला नाही, कारण पाटी सुरेख बसली होती.

तिसऱ्या दिवशी ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले, चालता चालता सहज नजर जावी तशी नजर टाकली, आणि त्यांना पाटी दिसलीच नाही. फाटकाजवळच्या पिवळ्या झाडाची एक फांदी बरोबर तिच्यापुढे उतरली होती. नाव फुलांत बुडालेलं, हुद्दा पानांत. खालचा ‘कार्यालय’ हा शब्द तेवढा बाहेर राहिला होता, आणि तो वाचून एक गृहस्थ आदल्या दिवशी आत येऊन शिक्का कुठे मिळतो असं विचारून गेले होते.

हे झाड बाईंचं. बाई म्हणजे भाऊसाहेबांची पत्नी. त्या व्हरांड्यात शिवणाचा वर्ग चालवत, म्हणून त्या साऱ्या गल्लीच्या बाई. बोटभर रोप त्यांनीच आणून लावलं होतं. रोपवाल्याने नाव सांगितलं होतं ते त्या विसरल्या होत्या, आणि पिवळं झाड म्हटलं की सगळ्यांना कळत होतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नव्हतं. बारा महिने हिरवंगार, आणि त्यातले बरेच महिने पिवळ्या, कर्ण्यासारख्या फुलांनी लगडलेलं. व्हरांडा पश्चिमेला. दुपारी तीन ते पाच तिथे सहा जणी सहा मशिनांवर शिवण शिकत, आणि ते दोन तास सूर्याला अडवून धरायचं काम हे झाड एकट्याने करत असे. झाड नसतं तर वर्गही नसता, इतका साधा हिशेब होता.

“मी म्हणतो, ती एक फांदी जरा छाटायला हवी,” भाऊसाहेब जेवताना म्हणाले.

“का?”

“वाढलीय.”

“झाड आहे, वाढणारच. एक फांदी काढलीत की ऊन थेट माझ्या दोन मशिनांवर येतं. त्या दोघींना काय तुमच्या खुर्चीत बसवू?” बाईंनी वाटी पुढे सरकवली. “पाटी दिसत नाही म्हणून म्हणताय का?”

इथे भाऊसाहेबांनी हो म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. बाई हसल्या असत्या, गवंडी पुन्हा आला असता, पाटी हातभर सरकली असती. पण मुख्य लिपिक होऊन अकराच दिवस झाले होते. ‘मला माझं नाव रस्त्यावरून दिसायला हवंय’ हे वाक्य तोंडातून काढायला माणूस एक तर फार लहान लागतो, नाही तर फार मोठा. भाऊसाहेब मधल्या मापाचे होते.

“पाटीचा काय संबंध?” ते म्हणाले. “मी सुरक्षिततेचं बोलतोय.”

पुढे भाऊसाहेब हा प्रसंग लोकांना स्वतःच सांगत, आणि या वाक्याशी आले की थोडं थांबत. “एवढं एक वाक्य मी शुद्ध गाढवपणाने बोललो,” ते म्हणत, “बाकीचा गाढवपणा नियमानुसार झाला.”

नियम असा होता की अंगठ्यापेक्षा जाड फांदी तोडायची तर वृक्ष कार्यालयाची परवानगी लागते. भाऊसाहेबांना हा नियम फार आवडला. परवानगी आली की तो सरकारी हुकूम. बायकोला सांगता येतं की माझ्या हातात काही नाही, वरूनच आलंय. घरात जे धैर्य होत नाही ते टपालाने मागवायची ही रीत त्यांनी स्वतः शोधली होती, आणि तिचा त्यांना थोडा अभिमानही होता.

रविवारी सकाळी ते कागद घेऊन बसले. पहिलं कारण सुचलं: फांदी रस्त्यावर येते. ती वीतभर येत होती, तेव्हा हे जवळजवळ खरं होतं. दुसरं, झाड रस्त्याकडे कललेलं आहे. तिसरं, मुळांनी कुंपणभिंतीला तडा गेला आहे. तडा कशाने गेला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण गवंडी नाही म्हणत होता आणि कुणीतरी तर दोषी असायला हवं. चौथं, गळलेल्या फुलांनी पायवाट निसरडी होते. पाचवं, मधमाश्या. मग लेखणी अडली.

अडलेल्या माणसाला सल्ला देणारे आपल्याकडे भिंतीपलीकडेच राहतात. डावीकडचे केमिस्टकाका, औषधांचं दुकान मुलाकडे सोपवून घरी बसलेले. त्यांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, “काय लिहिताय?”

भाऊसाहेबांनी सांगितलं. केमिस्टकाका झाडाकडे बघत गंभीर झाले. “हे विषारी असतं,” ते म्हणाले. “पिवळं फूल, कर्ण्याचा आकार. बिट्टी म्हणतात हिला. डहाळी मोडली की पांढरा चीक निघतो. बी पोटात गेलं की हृदय बंद पडतं.”

“हे तेच आहे?”

“फूल पिवळं आहे ना? आकार कर्ण्याचा आहे ना? मग आणखी काय पाहिजे? चाळीस वर्षं औषधं विकलीत मी.”

तेवढ्यात उजवीकडचे विमेवाले दात घासत आले. त्यांचा स्वभाव असा की कुणी नवी सायकल घेतली तरी त्यांना आधी अपघात दिसे. “भाऊसाहेब, सगळं ठीक आहे, पण अर्जात जीव नाही,” ते म्हणाले. “जीवितहानी घाला. जीवितहानी म्हटलं की कागद टेबलावर राहत नाही.”

सहावं आणि सातवं कारण अशी मिळाली. भाऊसाहेबांनी मजकूर पक्का केला. दुसऱ्या कारणाशी ते विशेष रमले. ‘सदर वृक्ष रस्त्याकडे चिंताजनकरीत्या कललेला असून त्याचा कल दिवसेंदिवस वाढत आहे’ हे वाक्य जमल्यावर त्यांनी खिडकीतून झाडाकडे पाहिलं. ते सरळ उभं होतं. पण वाक्य इतकं छान उतरलं होतं की ते खोडणं जिवावर आलं. शेवटी सवयीने लिहिलं, ‘सबब योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती’, खाली सही केली, आणि सहीखाली, पहिल्यांदाच, ‘मुख्य लिपिक’. साऱ्या अर्जात फांदी छाटण्याचा शब्दही नव्हता.

अर्ज दिल्यापासून बाराव्या दिवशी भाऊसाहेब कार्यालयातून घरी आले तर झाडाच्या बुंध्यावर लाल रंगाची फुली आणि आकडा. बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांच्या हातात कागद होता.

“निरीक्षक येऊन गेले,” बाई म्हणाल्या. “झाड तोडायचं आहे. पंधरा दिवसांत.”

“फांदी,” भाऊसाहेब म्हणाले.

“झाड. मुळासकट.”

त्यांनी कागद घेतला. हुकूम स्वच्छ होता. ‘अर्जदार यांनी नमूद केलेली सातही कारणे या कार्यालयास पूर्णतः पटल्याने सदर वृक्ष समूळ काढून टाकण्यात यावा. अर्जदारांच्या जागरूकतेची हे कार्यालय प्रशंसापूर्वक नोंद घेत आहे.’ आणि इथे एक गोष्ट घडली ती भाऊसाहेबांनी कित्येक महिने कुणाला सांगितली नाही. कागद वाचून पहिल्या क्षणी त्यांना आनंद झाला. सातही. सव्वीस वर्षांत सातच्या सात कधीच पटली नव्हती, पाचावर काम भागत असे. दुसऱ्या क्षणी त्यांनी वर पाहिलं, बाईंचा चेहरा दिसला, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. ती मात्र बराच वेळ गेली नाही.

“सातांतलं एक तरी खरं आहे का?” बाईंनी विचारलं.

“पहिलं बरंचसं खरं आहे.”

बाई आत गेल्या आणि त्यांनी चहा केला. एकच कप आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि पुन्हा आत गेल्या. भांडण झालं असतं तर भाऊसाहेबांना निभावता आलं असतं, कारण भांडणात मुद्दे असतात आणि मुद्द्यांना उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते वृक्ष कार्यालयात गेले. खिडकीतल्या लिपिकाने त्यांना ओळखलं. “तुम्हीच का ते सात कारणांवाले?” तो उठून उभा राहिला. “आमच्या इथे सगळ्यांनी वाचला तुमचा अर्ज. नव्या मुलींना नमुना म्हणून दिलाय.”

“तो अर्ज मला मागे घ्यायचाय.”

“आता तो अर्ज राहिला नाही, हुकूम झाला. हुकूम मागे घेता येत नाही, त्यावर हरकत घेता येते.”

“मग हरकत घेतो. लिहून आणलीय.” भाऊसाहेबांनी चौदा कारणांचा कागद पुढे केला. लिपिकाने तो आदराने वाचला, मान डोलावली आणि परत दिला. “उत्तम. पण अर्जदाराला स्वतःच्या अर्जावर हरकत घेता येत नाही. कुणीतरी दुसरं हवं. झाडाशी संबंध असणारं.”

नियम बरोबर होता. भाऊसाहेब त्या खिडकीच्या आत असते तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, आणि सांगताना त्यांना बरंही वाटलं असतं. बाहेरच्या बाजूने मात्र नियम फार थंड लागला.

झाडाशी संबंध असणारं माणूस जगात एकच होतं. संध्याकाळी ते चौदा कारणांचा कागद घेऊन बाईंसमोर उभे राहिले. “तुझ्या नावाने द्यावी लागेल. मजकूर तयार आहे. फक्त सही कर.”

“तुमच्या हातचं काही नको,” बाई म्हणाल्या. त्यांनी वर्गाच्या वहीतलं पान फाडलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: हे झाड मी लावलं आहे. याच्या सावलीत सहा जणी शिवण शिकतात. त्यांतल्या दोघींचं घर त्यावर चालायचं आहे. झाड तोडू नये. खाली सही. ना सबब, ना सदर, ना विनंती. भाऊसाहेबांना वाटलं, सांगावं की असला कागद कुणी वाचणार नाही. पण आपलं कसं वाचलं गेलं ते आठवून त्यांनी जीभ आवरली.

सुनावणी मुदत संपायच्या दोन दिवस आधी लागली. एका बाजूला हरकतदार बाई, दुसऱ्या बाजूला अर्जदार भाऊसाहेब. दोघं एकाच घरातून एकाच बसने निघाले. निघताना हरकतदाराने अर्जदाराला डबा दिला आणि रुमाल घेतलाय का विचारलं, एवढाच काय तो उभयपक्षी संवाद. बसमध्ये केमिस्टकाका आणि विमेवालेही होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. “तुमची बाजू पडायला नको,” केमिस्टकाका भाऊसाहेबांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले. त्यांच्या काखेत विषांवरचं जाडजूड पुस्तक होतं.

“काका, माझी बाजू पडायलाच हवीय.”

“सहावं कारण माझं आहे,” काका म्हणाले. “ते मी पडू देणार नाही.”

अधिकारी मॅडम शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी अर्ज उघडला तेव्हा भाऊसाहेबांना दिसलं की त्यातली काही वाक्यं पेन्सिलीने अधोरेखित केली आहेत, जशी माणूस आवडत्या पुस्तकात करतो.

“हुकूम रद्द व्हावा असं अर्जदारांचंही म्हणणं आहे, हे मला जरा नवीन आहे,” मॅडम म्हणाल्या. “झाड कललेलं नाही म्हणता?”

“नाही मॅडम. सरळ आहे.”

“पण तुम्ही लिहिलंय, चिंताजनकरीत्या. आणि दिवसेंदिवस.” त्या निरीक्षकांकडे वळल्या. “तुम्ही पाहिलंत ना?”

निरीक्षकांनी मान खाली घातली. “पाहिलं तर सरळच दिसलं. पण अर्ज इतका ठाम होता की मला वाटलं, मीच वाकडा उभा आहे.”

एकेक कारण असं निघालं. निसरड्या वाटेवरून कोण घसरलं, असं मॅडमनी विचारलं. कुणीच नाही. मधमाश्या कुणाला चावल्या? कुणालाच नाही. “अद्याप,” विमेवाले मागून म्हणाले. “चावल्यावर विचारून काय उपयोग?” मॅडमनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं. भिंतीच्या तड्याशी आल्यावर भाऊसाहेबांनी गवंड्याच्या छिन्नीची हकिकत सांगितली, पण छिन्नी भिंतीपाशी कशाला गेली होती हे सांगायचं टाळलं. मॅडमनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि काहीतरी टिपून घेतलं.

मग विष आलं. केमिस्टकाका उभे राहिले, पुस्तकातलं पान काढलं आणि हृदय कसं बंद पडतं ते सावकाश वाचून दाखवलं. बाईंनी पिशवीतून एक डहाळी काढली. ती मॅडमच्या टेबलावर धरून त्यांनी मधोमध मोडली.

“चीक कुठाय?” बाई म्हणाल्या.

मोडलेल्या जागी थोडासा ओलावा होता, पांढरं काही नव्हतं. निरीक्षकांनी डहाळी हातात घेतली, पानाच्या दातेरी कडा पाहिल्या, शेंग पाहिली. “हा टेकोमा आहे,” ते म्हणाले. “बिट्टीचं पान लांब, अरुंद आणि सुटं असतं, फळ गोळीसारखं. याला पातळ लांब शेंगा येतात. बागेत शोभेला लावतात हे.”

केमिस्टकाकांनी पुस्तकातलं चित्र पाहिलं, डहाळी पाहिली, पुन्हा चित्र पाहिलं. “फूल मात्र पिवळंच आहे,” ते म्हणाले आणि खाली बसले.

भाऊसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. सातही कारणं मातीत गेली होती. सव्वीस वर्षांतला हा त्यांचा पहिला पराभव, आणि तो त्यांना इतका गोड लागला की त्यांनी बाईंकडे पाहायचंही धाडस केलं. बाई समोरच्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

“कारणं गेली,” मॅडम म्हणाल्या, “पण हुकूम आहे. तो रद्द करायचा तर मला फाइलवर लिहावं लागेल की या अर्जामागचं खरं कारण काय होतं. नाही तर अर्थ असा होईल की या कार्यालयाने काही कारण नसताना एक झाड तोडायला काढलं. तसं मी लिहू शकत नाही. तुम्ही अर्ज का केलात?”

“लोकहित,” भाऊसाहेब म्हणाले. तोंडाला सवय होती.

मॅडम थांबल्या. निरीक्षक थांबले. भाऊसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की समोरचा माणूस पुढच्या कारणाकडे न वळता थांबून राहिला तर एकट्या कारणाला किती वजन पेलावं लागतं. परवा करवत येणार होती. ते म्हणाले असते, मॅडम, हे मी खासगीत सांगतो. पण सुनावणीत खासगी काही नसतं, आणि जिच्यापासून लपवायचं ती तीन हातांवर बसली होती. तिला नुसतं हो म्हणायचं राहून गेलं होतं, म्हणून हे सगळं झालं होतं.

“पाटी,” ते म्हणाले.

“कसली पाटी?”

“माझ्या नावाची. पितळी. मुख्य लिपिक झालो म्हणून केली. ती या झाडाच्या फांदीआड जाते. रस्त्यावरून दिसत नाही.” कान तापले होते तरी ते बोलत राहिले. “मला ती दिसायला हवी होती. घरात सांगायची लाज वाटली, म्हणून तुम्हाला लिहिलं.”

मागे केमिस्टकाका खोकले. मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. “हेच लिहून द्या.”

भाऊसाहेबांनी पेन घेतलं. हात सवयीने ‘सविनय’कडे वळला आणि थांबला. मग त्यांनी लिहिलं: माझ्या नावाची पाटी रस्त्यावरून दिसावी म्हणून मी अर्ज केला. अर्जातली सातही कारणे मी रचली. झाडाची काही चूक नाही, ते तोडू नये. शाळेत गेल्यापासून इतकं थोडकं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. मॅडमनी वाचलं.

“यात योग्य ती कार्यवाही लिहिली नाहीत.”

“नाही,” भाऊसाहेब म्हणाले. “काय करायचं नाही ते लिहिलंय.”

हुकूम रद्द झाला. फक्त एक गोष्ट राहिली. फुली मारलेलं झाड का तोडलं नाही हे नागरिकांना कळावं, म्हणून रद्द हुकमाची प्रत त्या झाडालाच तीस दिवस बांधून ठेवायचा नियम होता. निरीक्षक स्वतः आले, खिळा न मारता सुतळीने प्रत बुंध्याला, रस्त्याच्या बाजूने, डोळ्यांच्या उंचीवर बांधली आणि पावसापाण्याने खराब होऊ नये म्हणून वर प्लास्टिक लावून गेले. टंकलेखिकेने भाऊसाहेबांचं निवेदन शब्दही न बदलता उतरवलं होतं, वर पूर्ण नाव आणि हुद्दा घालून.

गल्लीने ते वाचलं. मग शेजारच्या गल्लीने येऊन वाचलं. विमेवाल्यांनी आपल्या पाहुण्यांना आणून दाखवलं. भाऊसाहेब पहिले पाच दिवस मागच्या दाराने जात होते आणि मागच्याच दाराने येत होते. घरात बाई जेवायला वाढत होत्या, विचारलं तर उत्तर देत होत्या, आणि वर्ग रोज तीनला भरत होता. सुनावणीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. भाऊसाहेबांनीही विषय काढला नाही. कारण क्षमा मागायची तर काय काय मांडायचं याचा मनात मसुदा सुरू होई, आणि मसुदा सुरू झाला की त्यांना स्वतःचीच भीती वाटे.

सहाव्या दिवशी सुट्टी होती. दुपारी मागच्या दाराला शेजाऱ्यांची वाळत घातलेली गादी आडवी आली, तेव्हा ते पुढच्या दाराने निघाले. व्हरांड्यात सहा जणी मान खाली घालून शिवत होत्या. ते फाटकाबाहेर आले तर उन्हात एक अनोळखी गृहस्थ बुंध्यासमोर उभे राहून चष्मा वर करून वाचत होते.

“हे वाचलंत का?” गृहस्थ म्हणाले. “एका पाटीसाठी एवढं झाड तोडायला निघाला होता. काय एकेक माणसं असतात. कोण हो हा?”

माहीत नाही म्हणता आलं असतं. बदली होऊन गेला, असंही म्हणता आलं असतं. ते तर खपूनही गेलं असतं. मागे मशिनांचा आवाज बंद झाल्याचं भाऊसाहेबांना ऐकू आलं.

“मीच तो,” ते म्हणाले.

गृहस्थांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी भाऊसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चष्मा खाली घेतला. “तसं नाही, मी आपलं सहज म्हटलं,” ते म्हणाले.

“बरोबरच म्हणालात. अगदी तसंच झालं.”

गृहस्थ घाईने निघून गेले. भाऊसाहेब तिथेच उभे राहिले. आता कुठे जायला निघालो होतो ते त्यांना आठवेना, आणि आत वळावं तर सहा जणी आणि सातव्या बाई तिकडेच पाहत असणार. डोक्यावर ऊन तापत होतं.

“अहो,” बाईंनी व्हरांड्यातून हाक मारली.

ते वळले. बाईंनी आपल्या मशीनशेजारचं कापडाचं गाठोडं उचलून खाली ठेवलं होतं आणि रिकामी झालेली खुर्ची थोडी आत ओढली होती.

“तिथे ऊन आहे,” बाई म्हणाल्या. “सावलीत येऊन बसा.”